सरकीच्या पोत्यांवरचा बंपर

आमचा ट्रक मिलिटरीचा होता. लढाई संपल्यावर सरकारनं जुन्या गाड्या विकायला काढल्या, त्यांतला. बऱ्याच जणांच्या हातून फिरत तो आमच्या दारात आला तेव्हा त्याचा हिरवा रंग पार विटला होता. त्याची चाकं माझ्या छातीला लागायची. पण नाला असो, चिखल असो, डोंगराची वाट असो, बैलगाडी जिथं फसून बसायची तिथून तो निघून यायचा. देडतलाईकडच्या खेड्यांतला कापूस बुऱ्हाणपूरच्या जिनावर आणायचं काम आमच्या ह्यांना मिळालं ते त्याच्यामुळेच.

त्याआधी हे मिलमध्ये रातपाळीला जात. सकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर आणि कानांत कापसाचे तंतू असायचे. भाकरी समोर ठेवली तरी आधी खोकला, मग घास. उन्हाळ्यातसुद्धा तो खोकला जात नसे. ट्रक आल्यावर तो हळूहळू गेला. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मला तो ट्रक का आवडायचा, तर ह्यासाठी. बाकी त्याच्या आवाजाची मला भीतीच वाटायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी अपघात झाला. देडतलाईहून परत येताना एका नाल्यात पाण्याखालचा मोठा धोंडा दिसला नाही. बंपर त्याच्यावर आदळला, डावीकडचं टोक मागं वळून चाकाला टेकलं आणि स्टेअरिंग अशा जोरानं उलटं फिरलं की ह्यांचं मनगट मोडलं. ट्रक दुसऱ्यांनी ओढून आणून आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत उभा केला. सिंधीपुऱ्यातली आमची गल्ली अरुंद, पण मागच्या अंगाला म्हशीचा गोठा होता आणि त्याच्यापुढं जागा होती. हाडवैद्यानं ह्यांच्या हाताला कामट्या बांधल्या. कापसाचा हंगाम सुरू होईपर्यंत हाड धरेल, म्हणाला. म्हणजे हाताची काळजी नव्हती. काळजी पासिंगची होती.

तेव्हा आमचं राज्य नवं झालं होतं. आधी सगळे कागद नागपूरला जायचे, ते आता भोपाळला जायला लागले होते. कोणतं काम कोणाकडे, हे कचेरीतल्या लोकांनाही नीट सांगता येत नव्हतं. गाड्या तपासणारे साहेब खंडव्याहून यायचे आणि एकदा येऊन गेले की परत कधी येतील त्याचा नेम नसायचा. ते दसऱ्यानंतर येणार असं कळलं. वाकड्या बंपरची गाडी ते पास करणार नव्हते, आणि पास नसलेल्या गाडीला जिनवाले शेठ हंगामाचं काम देणार नव्हते. त्यात मिलच्या मुकादमाचा निरोप आला, की रातपाळीची एक जागा रिकामी आहे, येतो का सांग. ह्यांनी निरोपाला उत्तर दिलं नाही. पण एका दुपारी त्यांनी मायला विचारलं, "माझी ती मिलची घोंगडी कुठं आहे?" माय म्हणजे माझ्या सासूबाई. घरातले सगळे त्यांना माय म्हणत, मीही म्हणत असे. ते वाक्य मी चुलीपाशी ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

बंपर नीट करायचं माझ्या भासऱ्यांनी मनावर घेतलं. भासरे म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. ते जिनात फिटर होते. जिनात कापसातून सरकी वेगळी काढतात, तिथली यंत्रं त्यांच्या हाताखाली. लोखंडाचं काम त्यांना चांगलं कळायचं. ट्रक जागचा हलत नव्हता, म्हणून लोहाराकडे नेता येत नव्हता, आणि लोहार घरी यायला तयार नव्हता. भासऱ्यांनी लोहाराचा भाता आणि घण तेवढा मागून आणला आणि म्हणाले, घरीच करू.

घरीच करू म्हणाले खरे, पण हाताखाली कोण? ह्यांचा हात बांधलेला. माझ्या जाऊबाई बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उरले मी. आणि मी भासऱ्यांशी बोलत नव्हते. तसं कोणाच्याच घरात सून भासऱ्यांशी बोलत नसे. लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि काही सांगायचं असलं तर मायकडून. इतकंच नाही, माय किंवा भासरे समोर असले तर हेसुद्धा माझ्याशी सरळ बोलत नसत. मला त्याचं काही वाटत नसे. उलट बरं वाटे. शाहपुरात माहेरी चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हाही मास्तरांनी उभं केलं की माझा आवाज निघत नसे. बोलायचंच नाही असा नियम असलेलं घर मला सोईचं होतं.

आधी बोल्ट सोडवायचे होते. ते गंजून बसले होते. भासऱ्यांनी त्यांवर रॉकेल सोडून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी लांब पान्याला लोखंडी नळी लावून एकेक फिरवला. शेजारचे विणकर मागावरून उठून आले, त्यांनी बंपर उचलून खाली ठेवला आणि परत आपल्या खटखटीत गेले. मग पऱ्हाट्यांची आग केली. कापूस वेचून झाल्यावर उरलेली ती वाळकी झाडं, त्यांची आग फार जोराची होते. मी भाता हलवायला बसले. बंपरचं वाकडं टोक लाल झालं की भासरे घण घालायचे.

"माय, तिला सांग, भाता थांबव."

"थांबव म्हणे वं."

"आता चालू."

"चालू कर म्हणे."

हे बाजेवर बसले होते. ते आकाशाकडे बघून म्हणाले, "ह्या घरात तार-ऑफिस उघडलं पाहिजे."

"तू गप बस," माय म्हणाली. "हात मोडून बसला अन् तोंड चालून राह्यलं."

लोखंड हळूहळू सरळ होत गेलं. भासरे मधून मधून थांबायचे, एक डोळा मिटून बंपरच्या टोकाकडून बघायचे, आणि पुन्हा घण घालायचे. संध्याकाळ व्हायच्या आत तो बंपर बऱ्यापैकी सरळ झाला. एका ठिकाणी तवा उलटा ठेवावा तसा फुगवटा राहिला, तो काही गेला नाही. भासरे म्हणाले, राहू दे, त्यानं काही अडत नाही.

आता बसवायचा. ट्रकच्या सांगाड्याची दोन लोखंडी टोकं पुढं आलेली असतात. त्यांना आधी एकेक जाड पट्टी बोल्टनं लावायची आणि मग त्या पट्ट्यांवर बंपर. पट्ट्या दोन, दिसायला सारख्या, आगीत तापवल्यामुळे आणखीच सारख्या काळ्या. पण डाव्या बाजूला ओढायचा आकडा लागत असल्यामुळे त्या पट्टीची भोकं थोडी खाली पाडलेली होती. भासऱ्यांनी दोन्ही पट्ट्या ट्रकच्या पुढं, आपापल्या बाजूला, मातीत ठेवल्या आणि स्वतः ट्रकखाली शिरले.

"माय, डावी दे म्हणावं."

माय ट्रकच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून ओट्यावर बसलेली. तिनं आपला डावा हात पुढं केला. "डावी म्हणे. ही, इकडची."

मला शंका आली. मी मायच्या कानाशी वाकून विचारलं, "माय, आपली डावी का त्यांची?"

"डावी ती डावी," माय म्हणाली. "डाव्या का माणसागणिक निराळ्या असतात? दे लवकर, तो खाली घाणीत पडला आहे."

मी दिली. ते खालून हातानं चाचपून लावत होते. हे नेमके तेव्हा मोटारस्टँडवर गेले होते, तिथल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला सांगायला, की उद्या सकाळी येऊन ट्रक पासिंगला ने. ते परत आले तोवर विणकरांनी बंपर उचलून धरला होता, भासऱ्यांनी बोल्ट घातले होते, विणकर हात झटकत निघाले होते. हे ट्रकसमोर उभे राहिले आणि त्यांनी मान तिरकी केली.

"भाऊ," ते म्हणाले, "गाडी एका गालानं हसून राह्यली."

खरंच. डावं टोक वर, उजवं खाली. चार बोटांचा तरी फरक होता. भासरे ट्रकखालून बाहेर आले, मागं सरकून उभे राहिले, पट्ट्यांकडे बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "माय, तू कोणती डावी दाखवली?"

"माझी," माय म्हणाली. "दुसऱ्याची मी कशी दाखवणार?"

आधी हे हसले. मग विणकर हसले, मग भासरेही खाली बघून हसले. मला पदराआड हसू आवरेना. माय मात्र रागावली. "हसा. मोतीबिंदूच्या बाईला मधी बसवता अन् हसता." पण मग एकेकाचं हसू उतरलं. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते आणि दुपारच्या गाडीनं परत जाणार होते. उजेड जात चालला होता. ह्यांनी बांधलेला हात दुसऱ्या हातानं धरला आणि बाजेवर जाऊन बसले. त्या घोंगडीचा विचार त्यांच्या मनात होता की माझ्याच, मला सांगता येत नाही.

भासऱ्यांनी विणकरांना हात जोडले. बोल्ट काढले. पण त्यांना परत सकाळी बोलावता येणार नव्हतं. सकाळी माग लावले की ते उठू शकत नसत, आणि रोज रोज कोण उठेल. भासरे जरा वेळ गोठ्याकडे बघत राहिले. गोठ्यात म्हशीसाठी सरकीची पोती होती. त्यांनी पोती ओढून आणली, दोन थप्प्या केल्या, आणि विणकरांना बंपर त्यांच्यावर आडवा ठेवायला सांगितला. मुद्दाम जरा उंच, पट्ट्यांच्या भोकांपेक्षा वर. मग पट्ट्यांची अदलाबदल केली तोवर दिवा लावायची वेळ झाली. ते म्हणाले, बाकीचं सकाळी, उजेडात.

सकाळी हे लवकर निघून गेले, साहेबांपुढं नंबर धरायला. जाताना ट्रकभोवती एक फेरी मारली आणि मायला म्हणाले, "ड्रायव्हर नऊ वाजता येईल. नाही झालं तर त्याला परत पाठव."

"होईल," माय म्हणाली. कशावरून म्हणाली कोण जाणे.

भासऱ्यांची युक्ती अशी होती. वरच्या पोत्याची शिवण थोडी उसवायची आणि मूठ मूठ सरकी काढत जायची. पोतं खाली बसत जाईल तसा बंपर आपल्या वजनानं खाली येईल. भोकासमोर भोक आलं की बोल्ट घालायचा. वर चढवायला चार माणसं लागतात, खाली उतरवायला फक्त धीर. पण एकदा भोक ओलांडून खाली गेलं, की परत वर घ्यायला माणसं नाहीत. पहारीनं नखभर उचलता आलं असतं, फार नाही.

डाव्या बाजूचं त्यांनी एकट्यानं केलं. तिथं बोल्ट समोरून घालता येत होता. एका हातानं सरकी काढत गेले, दुसऱ्या हातात बोल्ट. बसला. उजव्या बाजूला मात्र बोल्ट आतून घालायचा होता. त्यासाठी चाकाच्या मागून खाली शिरून हात वर घालावा लागे. तिथून त्यांना भोक दिसत नव्हतं. ते समोरून दिसणार होतं, आणि समोर सरकीच्या पोत्यापाशी मी बसले होते.

"माय, तिला सांग, हळूहळू सोड. भोकाजवळ आलं की सांग म्हणावं."

"हळूहळू सोड म्हणे. जवळ आलं की मला सांग."

मी मूठ मूठ काढून परातीत टाकत होते. सरकी मऊ असते, तिच्यावर कापसाची लव असते, ती हाताला चिकटते. बंपर कुरकुरत खाली येत होता. पदराच्या कडेखालून मला पट्टीचं भोक दिसत होतं आणि बंपरचं भोक त्याच्याकडे येताना दिसत होतं. चंद्रासारखं आधी एक कोर, मग अर्धं.

"माय, अर्धं आलं," मी म्हणाले.

"काय?"

"अर्धं आलं."

"अर्धं आलं म्हणे रे."

"मग थांबव म्हणावं, थांबव."

"थांब म्हणे वं."

तेवढ्यात मी आणखी एक मूठ काढली होती. बंपर एकदम बसला. पाऊण झालं. आणि मला दिसलं, की मी हात काढून घेतला तरी पोतं आपल्या आपण दबत चाललं आहे. सरकी उसवलेल्या जागेतून स्वतःच बाहेर येत होती. भोकासमोर भोक आत्ता येणार होतं, आणि माय ओट्यावर पाय खाली सोडून विचारत होती, "काय झालं वं? का थांबली?" मी तिला सांगायचं, तिनं भासऱ्यांना सांगायचं, त्यांनी बोल्ट घालायचा.

मी उसवलेल्या जागेवर दोन्ही तळहात दाबून धरले आणि म्हणाले, "आलं. घाला आता."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. ट्रकखालचं खरखरणं थांबलं.

मग ओट्यावरून माय म्हणाली, "आलं म्हणे रे. घाल म्हणे."

"ऐकलं," भासरे खालून म्हणाले. बोल्टचं टोक भोकात आलं, पण अडकलं. "वर आहे का खाली?" त्यांनी विचारलं. कोणाला विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही.

"नखभर वर आहे," मी म्हणाले.

"नखभर वर आहे म्हणे," माय म्हणाली.

"चिमूटभर सोड."

"चिमूटभर सोड म्हणे वं."

मी एक हात जरासा उचलला. थोडी सरकी माझ्या बोटांमधून गळाली. बंपर सरकलेला डोळ्यांना दिसलासुद्धा नाही. बोल्ट मात्र आत आला, एवढा सहज की जणू त्याला तिथंच यायचं होतं. भासऱ्यांनी नट फिरवायला घेतला. दुसरा बोल्ट, तिसरा. मी सांगत होते, ते विचारत होते, आणि माय दोघांचंही एकमेकांना परत सांगत होती. एकही शब्द तिनं गाळला नाही. शेवटी भासरे म्हणाले, "माय, तू दमली असशील. जरा पाणी पी."

"मी कुठं दमले? काम तर तुम्ही करून राह्यले."

ड्रायव्हर आला तेव्हा मी घरात गेले होते. खिडकीतून बघितलं. बंपर सरळ होता. फुगवटा होता, घणाचे डाग होते, डावीकडचा रंग जळून निळा-काळा झाला होता, पण सरळ होता. ट्रक गल्लीतून निघाला तेव्हा भासरे त्याच्यापुढं उलटे चालत गेले, कोपऱ्यापर्यंत, बंपरकडे बघत.

मग मी परातीतली सरकी म्हशीला घातली. स्वयंपाक केला. माय देवापाशी बसली होती, पण कान दाराकडे होते. मी मनातल्या मनात साहेबांचं तोंड कसं असेल ते बघत होते. चष्मा असेल असं वाटत होतं.

हे दुपारी आले ते ट्रकमध्येच, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. उतरायच्या आधीच मला कळलं, कारण हे गाणं गुणगुणत होते आणि ह्यांना गाता येत नाही. मायला सांगायला लागले आणि मी दाराआड उभी राहून ऐकलं. साहेबांना चष्मा नव्हता. ते ट्रकभोवती फिरले, हॉर्न वाजवून बघितला, आणि मग बंपरवर बुटाचा पाय ठेवून सगळा भार टाकला. बंपर हलला नाही. ते म्हणाले, "ये कहाँ ठुकवाया?"

"घर पर, साहब."

"घर में कौन है?"

"मग तू काय सांगितलं?" मायनं विचारलं.

"मी म्हणालो, माय आहे."

माय खूश झाली. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन-चार घरांत सांगून आली, की साहेबांनी तिची चौकशी केली.

भासरे जिनातून परत आले आणि जेवायला बसले. मी वाढत होते, पदर नाकापर्यंत. मला वाटलं होतं, आता काहीतरी निराळं होईल. नाही झालं. ते म्हणाले, "माय, तिला सांग, भरीत चांगलं झालं आहे." मायनं सांगितलं. मी आणखी वाढलं. पुढं कितीतरी वर्षं हे तसंच चाललं. फक्त ट्रकचं काही काम निघालं आणि मी हाताखाली असले, तर ते मला सरळ विचारायचे, मी सरळ सांगायचे, आणि पाना ठेवला की परत मायकडून. असं कोणी ठरवलं नव्हतं. जाऊबाई परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा त्यांच्या हातातलं बाळ पडता पडता राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मिलच्या दारावर गेले. मुकादमाला सांगून आले, की जागा दुसऱ्या कोणाला द्या. येताना त्यांच्या हातात एक पितळी डबा होता. त्यांचाच, मिल सोडताना ते एका सोबत्याकडे ठेवून आले होते. कशाला ठेवला होता, मी विचारलं नाही. ज्याला परत जायचं नाही तो डबा ठेवून येत नाही, एवढं मला समजत होतं. डबा काळा पडला होता आणि झाकणाच्या खाचेत कापसाचे तंतू दाबून बसले होते. मी ते काडीनं काढले, चिंच आणि राख लावून डबा घासला, उन्हात पालथा घातला. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या खेपेला देडतलाईकडे निघाले, तेव्हा त्यातच भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. माय आत होती, भासरे कामावर गेले होते, म्हणून हे माझ्याशी सरळ बोलले.

"तिखट किती टाकलं?"

"नेहमीएवढं."

"मग पाणी जास्त दे," ते म्हणाले, आणि वर चढून बसले.